वणवा रानात, तोटा बांधीत



फाल्गुन लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांतून रात्री एक देखावा हमखास दिसतो. दूर टेकडीच्या अंगावर लाल माळ सरकत असते. आपण अंगणात खाट टाकून ती पाहतो, "लागली वाटते कुठेतरी आग" एवढे म्हणतो आणि कूस बदलून झोपी जातो. जंगल सरकारचे, आग जंगलाला, मग आपले काय गेले, असा आपला हिशेब असतो.

हा हिशेब चुकीचा आहे. फाल्गुनात रानात लागलेल्या वणव्याची किंमत आपण भाद्रपदात बांधीत मोजतो. धान निसवायच्या वेळी पाऊस ओढ देतो, तलावात पाणी नसते आणि आपण आभाळाला बोल लावतो. त्या कोरड्या तलावाचे एक कारण सहा महिन्यांपूर्वीच्या त्या लाल माळेत असते. ते कसे, हेच या लेखात पाहू.

दुष्काळ आणि रानाचा आधार

आपले दोन्ही जिल्हे मुळात एकच. पूर्वीचा चांदा जिल्हा. पुढे त्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. गडचिरोलीची सुमारे दोन तृतीयांशांहून अधिक जमीन आजही जंगलाखाली आहे. महाराष्ट्रात एवढे रान दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याला नाही.

पाऊसही या भागाला बरा लाभतो. वर्षाकाठी साधारण १,२०० ते १,५०० मिलिमीटर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, तुम्हाला कसला आला दुष्काळ? पण धानाचे गणित वेगळे आहे. धानाला एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो कधी झाला याला महत्त्व. रोवणीला तो हवा आणि निसवताना हवा. मधे वीस-पंचवीस दिवसांचा खंड पडला की बांधीला भेगा जातात आणि हजार मिलिमीटर पाऊस होऊनही घरात तणसच येते.

जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून तर गोंड राजांच्या काळापासून गावोगावी तलाव खोदले गेले. कोहळी समाजाच्या लोकांनी तलाव बांधण्यात मोठे नाव कमावले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात असल्याने हे तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत. ज्यांनी ते खोदले त्यांच्याजवळ वेधशाळा नव्हती, पण पाऊस दगा देतो हे त्यांनी जाणले होते.

तरीही मोठे दुष्काळ आलेच. १८९६-९७ साली आणि लगेच १८९९-१९०० साली, ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, जुन्या मध्य प्रांताची दैना झाली. चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतातच होता. अशा वर्षी धान गेले तरी रानाने माणसे जगवली. मोहफुले, कंदमुळे, रानभाज्या, तेंदूची फळे, चार. ज्याच्या घरात दाणा नव्हता त्याच्या चुलीवर यातले काहीतरी शिजत होते. १९७२ साली महाराष्ट्रावर पुन्हा मोठा दुष्काळ कोसळला आणि त्यातूनच रोजगार हमीची कामे राज्यभर उभी राहिली. त्या वर्षीही रानाकाठच्या गावाला रान हा दुसरा कोठार होता.

म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी दुष्काळाशी दोन हत्यारांनी झुंज दिली. एक तलाव, दुसरे रान. आणि वणवा या दोहोंवर एकाच वेळी घाव घालतो.

पाचोळा ही रानाची गोधडी

पौष-माघात साग, ऐन, धावडा, तेंदू यांची पानगळ होते. रानात घोट्याइतका पाचोळा साचतो. आपल्याला तो कचरा वाटतो. खरे तर ती जमिनीने पांघरलेली गोधडी आहे.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस या गोधडीवर पडतो तेव्हा त्याचा मार पानांवर बसतो, मातीवर नाही. पाणी पानांतून थेंबाथेंबाने खाली उतरते. खालचा थर कुजलेला, किडामुंगी आणि गांडुळांनी भुसभुशीत केलेला असतो. त्यात पाणी मुरते. मुरलेले पाणी नाल्याला हळूहळू सुटते, विहिरीला लागते, तलावाला कार्तिकापर्यंत झरत राहते.

आता तेच रान फाल्गुनात जळाले असे समजा. पाचोळ्याची राख झाली. वरची कुजकी माती भाजून निघाली, तिच्यातले जीव मेले. काही ठिकाणी भाजलेल्या मातीवर असा थर धरतो की पाणी आत शिरतच नाही. आता पहिला पाऊस उघड्या जमिनीवर सपकन आदळतो. राख आणि माती घेऊन पाणी धावत सुटते. नाल्याला दोन तास पूर येतो आणि नंतर नाला कोरडा. ती माती जाते कुठे? आपल्याच तलावात आणि बोडीत. दर वर्षी थोडी थोडी करून ती तलावाची खोली खाते. मग आपण गाळ काढायला सरकारकडे अर्ज करतो. गाळ काढलाच पाहिजे, पण वरच्या रानात दर वर्षी वणवा लागू द्यायचा आणि खालच्या तलावातला गाळ काढत बसायचे, म्हणजे फुटक्या माठात पाणी भरण्यासारखे आहे.

आणखी एक नुकसान डोळ्यांना लवकर दिसत नाही. मोठी झाडे आपल्या रानातल्या आगीत सहसा मरत नाहीत, कारण आग जमिनीलगत चालते. म्हणून आपल्याला वाटते, काही बिघडले नाही. पण त्या आगीत मरतात ती वीतभर, हातभर उंचीची रोपे. मोहाचे रोप, चाराचे रोप, आवळ्याचे रोप. तुमच्या गावाच्या रानात जाऊन पाहा. मोहाची म्हातारी झाडे किती आणि तरणी किती? ज्या रानात दर वर्षी आग फिरते तिथे म्हाताऱ्या झाडाखाली नातू उभा राहत नाही. आजचा मोह आपल्या आजोबांच्या काळातला आहे. आपल्या नातवांनी कशाची फुले वेचायची?

आग लावतो कोण?

उन्हाने आपोआप वणवा पेटतो, बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते, असे पुष्कळदा ऐकू येते. आपल्याकडच्या आगी मात्र बहुतेक करून माणसाच्या हातूनच लागतात. कधी मुद्दाम, कधी निष्काळजीपणाने.

मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, म्हणजे पिवळी फुले काळ्या जमिनीवर उठून दिसावीत. तेंदूच्या झुडपांना नवी कोवळी पाने यावीत म्हणून रान पेटवतात. पहिल्या पावसानंतर गवत लवकर फुटावे म्हणून चराईची जागा जाळतात. शेतातली धसकटे आणि धुऱ्यावरचे गवत पेटवतात, वारा फिरतो आणि आग रानात शिरते. कोणी पेटती बिडी टाकतो, कोणी शिजवून झाल्यावर चूल विझवत नाही.

यात वाईट हेतू क्वचितच असतो, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पहाटे चारला उठून टोपली घेऊन रानात जाणारी बाई चैनीसाठी जात नाही. पाचोळ्यात साप-विंचू असतो. झुडपाआड आणखी मोठे जनावर असू शकते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा भागातल्या बाईला "पाचोळा जाळू नका" एवढे सांगून भागत नाही. पाचोळा न जाळता तिची मजुरी कशी पडेल आणि जीव कसा राखला जाईल, हेही सांगितले पाहिजे.

इतिहासही विसरून चालणार नाही. आपल्या जुन्या मध्य प्रांतातच, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, १८६० नंतरच्या काही वर्षांत कॅप्टन पिअरसन या इंग्रज अधिकाऱ्याने जंगल आगीपासून राखण्याचा प्रयोग केला. हिंदुस्थानातल्या अशा पहिल्या प्रयोगांत तो गणला जातो. पण पुढे कायदे आले ते जंगल राखण्याबरोबर गावाचे हक्क आवळत आले. रान परके झाले. परक्याच्या घराला आग लागली तर शेजारी धावेलच असे नाही. वणव्याकडे पाहून कूस बदलण्याची आपली सवय अशी जुनी आहे.

ऊन वाढले, पाऊस बिघडला

पूर्वीही वणवे लागत होते, मग आताच एवढी काळजी कशाला? कारण हवामान पूर्वीचे राहिलेले नाही.

चंद्रपूरचे ऊन देशभर प्रसिद्ध आहे. २०१३ आणि २०१९ च्या मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. अशा उन्हात पाचोळा पापडासारखा वाळतो आणि एक ठिणगी पुरते. पावसाचे पाहा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. धान ऐन वाढीत असताना हा खंड पडला. उलट २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे पाणी सोडल्यावर वैनगंगेने ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरीकडची शेते बुडवली आणि २०२२ च्या जुलैत दोन्ही जिल्ह्यांत पुन्हा पूर आला. म्हणजे एकीकडे लांब खंड आणि दुसरीकडे धो धो पाऊस. या दोन्ही संकटांत, पडलेले पाणी थोपवून मुरवणारी जमीन हाच मोठा आधार. तीच आपण भाजून टाकतो.

आगींचा आकडाही गंभीर आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या मदतीने देशातल्या वणव्यांवर नजर ठेवते. २०२१ च्या तिच्या अहवालात गडचिरोली जिल्हा देशातल्या सर्वाधिक आगी दिसलेल्या जिल्ह्यांत अगदी वर होता. उपग्रहाला आग दिसली की नाव नोंदवलेल्या माणसाच्या मोबाइलवर निरोप येतो. सोय चांगली आहे. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच माथ्यावरून जातो. तो दिसण्याआधी गुराख्याला धूर दिसतो. पहिला पहारेकरी गावच.

बाहेरच्या जगातही हाच धडा मिळाला आहे. ऑस्ट्रेलियात अनेक महिन्यांच्या दुष्काळानंतर २०१९-२० च्या उन्हाळ्यात रानेच्या राने जळाली, माणसे आणि घरे गेली. त्यानंतर तिथल्या आदिवासींची जुनी पद्धत पुन्हा चर्चेत आली. ते लोक थंडीच्या दिवसांत, वारा पडलेला असताना, थोडे थोडे गवत बेताने जाळून घेत, म्हणजे उन्हाळ्यात आगीला खायला काही उरत नसे. आपल्याकडे वनखाते जाळरेषा काढते ती याच तत्त्वावर. जंगलात पट्टे आखून तेवढाच पाला आधी साफ करायचा किंवा राखणीत जाळायचा, म्हणजे आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जात नाही. म्हणजे बेताने, वेळ पाहून, माणसे उभी करून लावलेली आग वेगळी आणि चैत्रात काडी टाकून निघून जाणे वेगळे.

मोह आणि तेंदू, आगीशिवाय

मोहाच्या झाडाखालचा पाचोळा फुले पडू लागण्याआधी एकदा खराट्याने झाडून बाजूला करावा. एका झाडाला एका माणसाचा थोडा वेळ जातो. तो पाचोळा शेणखताच्या खड्ड्यात टाकला तर पावसाळ्यानंतर चांगले खत होते. ज्यांना जमेल त्यांनी झाडाखाली जुनी लुगडी, पोती शिवून केलेले कापड किंवा जाळी अंथरावी. फुले मातीला लागत नाहीत, स्वच्छ राहतात आणि स्वच्छ फुलाला व्यापारी नावे ठेवू शकत नाही. पाचोळा पेटवलाच तर आधी पडलेली फुलेही जळतात आणि दर वर्षी बुंध्याशी आग लागून झाड आतून पोकळ होते, हेही लक्षात घ्यावे.

तेंदूसाठीही आग लागत नाही. माघ-फाल्गुनात झुडपे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटली तर सुमारे दीड महिन्यात चांगली कोवळी पाने फुटतात. सत्तर पानांचे पुडके बांधताना हातात येते ते पान सारखे आणि बिनडागाचे असते. छाटणीला मजुरी लागते हे खरे. ती मजुरी ठेकेदाराशी करार करतानाच ठरवून घ्यावी. ती द्यायची वाचते म्हणून कोणी काडी लावायला सुचवत असेल तर त्याचा फायदा त्याला होतो, रान तुमचे जाते.

वाघाच्या भीतीवर उपाय एकच. एकटे न जाणे. चार-पाच जणींनी मिळून, उजाडल्यावर, आवाज करत जावे. वाघाच्या खुणा दिसल्या असतील तर वनरक्षकाला विचारून मगच जावे.

पाचगावने काय केले

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे छोटे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली या गावाला सुमारे एक हजार हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने काय ठरवले असेल? तेंदूपान तोडायचेच नाही! कारण तेंदूसाठी फांद्या तुटतात आणि आगी लागतात. हातचा पैसा सोडायचा निर्णय सोपा नव्हता. पण त्यांच्या रानात बांबू होता. त्यांनी बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभेमार्फत सुरू केली, कामाची मजुरी गावातच राहू लागली आणि राखणीसाठी गावकऱ्यांनी पाळ्या लावल्या.

त्याच्या आधी, २००९ साली, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवून देशाला वाट दाखवली होती. तिथे प्रत्येक निर्णय सगळ्यांच्या सहमतीने होतो.

प्रत्येक गावाने तेंदू सोडावा असे येथे सुचवायचे नाही. ज्या गावाच्या रानात बांबू नाही त्याने तो सोडून खायचे काय? घ्यायचा धडा दुसराच आहे. रान आपले झाले की आगीचा हिशेब बदलतो. ज्या गावाला सामूहिक हक्क मिळाला आहे, तिथे जळणारे प्रत्येक झाड ग्रामसभेच्या तिजोरीतले आहे. आणि ज्याला अजून मिळालेला नाही, त्याच्या तलावात आणि बांधीत पाणी तर याच रानातून येते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय आग मुद्दाम किंवा मोठ्या निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या जंगलातली चराई आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ बंद करू शकते. एकाने काडी टाकायची आणि गावाने चारा गमवायचा. तसेच जंगलात हक्क असणाऱ्यांनी आग कळवणे आणि विझवायला मदत करणे, हे त्याच कायद्याने त्यांचे कर्तव्य ठरवले आहे.

आग दिसली तर

वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे आणि मगच माणसे जमवावीत. एकट्याने धावू नये. अंगात सुती कपडे असावेत. नायलॉनचे कापड वितळून कातडीला चिकटते. ओला गमछा आणि पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. लहान मुलांना नेऊ नये.

आगीच्या तोंडासमोर उभे राहू नये. जळून गेलेल्या बाजूने किंवा कडेने जावे. आग चढावर फार वेगाने पळते, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला टेकडीवर कधीही थांबू नये. हिरव्या पानांच्या डहाळीने आग दाबून विझवावी. डहाळी डोक्यावरून फिरवून आपटली की ठिणग्या उडतात. पुढे काही अंतरावर पाचोळा ओढून मोकळा पट्टा करावा. समोरून उलट आग लावण्याचे काम फक्त वनखात्याच्या जाणत्या माणसांनी करावे. दुपारी वारा फिरतो, तेव्हा फार जपावे. रात्री आणि पहाटे आग मंदावते, विझवायला तीच वेळ बरी. विझल्यावर जळकी खोडे आणि ओंडके माती टाकून थंड करावेत. दुसऱ्या दिवशी दुपारी आग तिथूनच पुन्हा उठते.

घराची काळजी वेगळी. तणसाचे ढीग घरापासून आणि कोठ्यापासून दूर रचावेत. रानाला लागून घर असेल तर भोवती दहा-बारा फूट जमीन झाडून स्वच्छ ठेवावी. धूर जवळ आला की आधी जनावरांचे दावे सोडावे.

माघ महिन्यात एक सभा

महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. म्हणून माघ महिन्यातच गावाने एक सभा घ्यावी आणि पाच गोष्टी ठरवाव्यात. मोहाखालचा पाला झाडायचा, जाळायचा नाही. तेंदूची छाटणी कोणी, कधी आणि किती मजुरीने करायची. धुरे आणि धसकटे जाळायची नाहीत. फारच अडले तर सगळ्यांना सांगून, सायंकाळी वारा पडल्यावर, पाणी जवळ ठेवून. राखणीच्या पाळ्या घरटी लावायच्या. आणि आग लागल्यावर कोणी कोणाला हाक मारायची, याची यादी चावडीवर लावायची.

या सभेला बायांना आवर्जून बोलवा. मोह वेचणाऱ्या, पान तोडणाऱ्या, सरपण आणणाऱ्या त्याच. रानात कुठे पाचोळा जास्त साचतो, कोणत्या बाजूने आग येते, हे त्यांना अधिक ठाऊक असते. त्यांच्याशिवाय झालेला ठराव कागदावर राहील.

पाऊस पाडणे आपल्या हातात नाही. ऊन कमी करणेही नाही. पडलेला पाऊस रानात मुरवायचा की गाळ घेऊन वाहू द्यायचा, एवढे मात्र पुष्कळसे आपल्या हातात आहे, आणि तो निर्णय पावसाळ्यात नव्हे, फाल्गुनातच होत असतो. यंदा टेकडीवर लाल माळ दिसली तर खाटेवरून उठा, शेजारच्या चार घरांना हाक द्या. तलावातले पुढच्या हंगामाचे पाणी त्या रात्री वाचेल.